घर हीच पहिली बालवाडी
एक ते तीन वर्षांच्या मुलांसाठी घरच्या घरी करता येणारे साधे खेळ



या स्मरणिकेसाठी शिक्षणाविषयी काहीतरी लिहा, असे आम्हाला सुचविण्यात आले. शिक्षण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शाळा, महाविद्यालय, वसतिगृह, शिष्यवृत्ती आणि स्पर्धा परीक्षा उभ्या राहतात. ते साहजिकच आहे. १९५० साली आपल्या शहरात सुरू झालेल्या आणि पुढे नागसेनवनात बहरलेल्या मिलिंद महाविद्यालयाने मराठवाड्यातील किती घरांत पहिला पदवीधर दिला, हे आपण सर्वजण जाणतो. शिक्षणाचे मोल आपल्याला वेगळे सांगण्याची गरज नाही.

परंतु आज आम्ही शाळेच्याही आधीच्या शाळेविषयी लिहिणार आहोत. या शाळेला फी नाही, गणवेश नाही, प्रवेशासाठी रांग नाही. तिचे वर्ग स्वयंपाकघरात, ओसरीवर आणि आईच्या मांडीवर भरतात. एक ते तीन वर्षे वयाचे मूल तिथे विद्यार्थी असते आणि खेळ हा तिथला एकमेव विषय असतो. हा विषय आपण गंभीरपणे घेत नाही, अशी आमची खंत आहे. ही खंत दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवून आम्ही मांडत नाही. चूक प्रथम आमच्याच घरात झाली.

घाई आम्हीही केली

आम्ही दोघे पती-पत्नी शिक्षणक्षेत्रात आयुष्य घालविलेले. एकाने जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत नोकरी केली, दुसरीने वस्तीतील बालवाडी चालविली. आमचे आईवडील अंगठा उठविणारे होते. त्यांनी खडी फोडून, बांधकामावर पाट्या वाहून आम्हाला शिकविले. साहजिकच आमच्या पोटी पहिला मुलगा जन्माला आला तेव्हा आम्ही ठरविले, की याला एक दिवसही वाया घालवू द्यायचा नाही.

मुलगा अडीच वर्षांचा होताच आम्ही त्याच्या हातात पाटी आणि पेन्सिल दिली. रोज संध्याकाळी दिवा लागला की त्याचा अभ्यास सुरू. तीन वर्षांचा होईपर्यंत त्याला इंग्रजी मुळाक्षरे आणि पन्नासपर्यंत आकडे पाठ झाले. पाहुणे आले की आम्ही त्याला म्हणून दाखवायला लावत असू. पाहुणे कौतुक करीत आणि आमची छाती फुगे.

काही दिवसांनी पाटी सापडेनाशी झाली. शोधता शोधता ती लोखंडी पेटीच्या मागे मिळाली. पुन्हा हरवली, या वेळी गोधड्यांच्या घडीत. मुलगाच ती लपवून ठेवीत होता. पुढे शाळेत गेल्यावर लिहिण्याचा तास आला की त्याच्या पोटात दुखे. त्याच्या पहिलीच्या बाईंनी एके दिवशी आम्हाला बाजूला बोलावून सांगितले, "तुमच्या मुलाला सगळे येते, पण त्याची बोटे पेन्सिलीला भितात." ते वाक्य आम्ही आजही विसरलेलो नाही. लिहिण्याचा तो तिटकारा जायला चौथी उजाडावी लागली.

सर्वांत लाजेची गोष्ट अशी, की दिवसभर बालवाडीत दुसऱ्यांच्या मुलांना गाणी, गोष्टी आणि खेळ देणारी ताई संध्याकाळी स्वतःच्या मुलापुढे छडी घेऊन बसत होती. खेळ हा इतरांच्या मुलांसाठी आणि अभ्यास आपल्या मुलासाठी, अशी आमची समजूत होती. मागे राहण्याची भीती माणसाला किती आंधळे करते, ते यावरून दिसते. आज अडीच-तीन वर्षांच्या मुलांना शिकवणीला पाठविणारे तरुण आईवडील आम्ही वस्तीत पाहतो, तेव्हा आम्हाला त्यांचा राग येत नाही. आम्हाला आमचेच ते दिवस आठवतात.

हे वय कशासाठी असते?

जन्मापासून पहिल्या तीन वर्षांत मेंदूची वाढ जितक्या वेगाने होते, तितकी पुढे कधीच होत नाही. दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत मुलाच्या मेंदूचे आकारमान प्रौढ माणसाच्या मेंदूच्या तीन चतुर्थांशाहून अधिक झालेले असते. परंतु हा मेंदू पाठांतराने घडत नाही. हाताने चाचपणे, तोंडात घालून पाहणे, फेकणे, ओतणे, चढणे, पडणे, आणि प्रेमाच्या माणसाने आपल्याशी बोलणे यांतून तो घडतो.

वर्षाचे मूल डब्यात वस्तू टाकते आणि काढते. दीड वर्षाचे मूल दोन-तीन वस्तू एकावर एक रचते. दोन वर्षांचे मूल रिकाम्या वाटीतून चहा पिण्याचे सोंग करते आणि दोन-दोन शब्द जोडून बोलते. तीन वर्षांच्या आसपास ते पाहून गोल काढू लागते. याचा अर्थ असा, की अक्षर काढण्यासाठी लागणारी मनगटाची आणि बोटांची तयारी अडीच वर्षांच्या मुलाची झालेलीच नसते. ती तयारी कणीक मळून, फडके पिळून, झाकण फिरवून होते. वाफा तयार नसताना बी टाकले तर बीही जाते आणि वेळही जातो, हे शेतकऱ्याच्या घरात कुणालाही कळेल.

बोर्डी-कोसबाडचा धडा

"हे सर्व ठीक आहे, पण खेळणी किती महाग आहेत!" असे अनेक आया आम्हाला म्हणतात. बालवाडीच्या प्रशिक्षणात असताना हाच प्रश्न आम्हालाही पडला होता. त्याचे उत्तर आम्हाला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कार्यातून मिळाले. ते थोडक्यात सांगणे आवश्यक वाटते.

इटलीतील डॉ. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोम शहरातील गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह सुरू केले. मूल स्वतःच्या हातांनी काम करूनच शिकते, हे त्यांचे मुख्य सूत्र होते. गुजरातेत भावनगर येथे गिजुभाई बधेका यांनी हे सूत्र आपल्याकडे रुजविले. मुंबईत १८९२ साली जन्मलेल्या ताराबाई मोडक त्यांच्या सहकारी झाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. माँटेसरी पद्धतीची साधने सुबक परंतु खर्चिक होती. शहरातील सुखवस्तू घरांच्या मुलांना ती मिळत. खेड्यातील आणि आदिवासी पाड्यावरील मुलांचे काय, हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देईना.

१९४५ साली त्यांनी ठाणे जिल्ह्यातील (आताच्या पालघर जिल्ह्यातील) बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. परदेशी धर्तीच्या महाग साधनांऐवजी शिंपले, दगडगोटे, बिया, पाने, काटक्या, माती अशा आसपास फुकट मिळणाऱ्या वस्तूंतून त्यांनी शिक्षणाची साधने तयार केली. मुले बालवाडीत येईनात तेव्हा त्या स्वतः पाड्यावर गेल्या आणि मुलांच्याच अंगणात बालवाडी भरविली. 'अंगणवाडी' हा शब्द यातूनच रूढ झाला. १९५७ साली हे कार्य जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर नेण्यात आले. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. ताराबाई १९७३ मध्ये आणि अनुताई १९९२ मध्ये निवर्तल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे अंगणवाडी हा शब्द आज देशभर पोहोचला आहे.

बोर्डीला समुद्र होता म्हणून तिथे शिंपले वापरले. आपल्या घरात परात, तांब्या, लाटणे, चिंध्या आणि पुठ्ठ्याचे खोके आहेत. शिंपल्यांच्या जागी ते वापरावयाचे, एवढाच फरक. अंगणवाडीतील शालापूर्व शिक्षण तीन वर्षांनंतर सुरू होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पायाभूत टप्पा धरला आहे तोही तीन ते आठ वर्षांचाच. त्याआधीची तीन वर्षे ही सर्वस्वी घराची जबाबदारी आहे. केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २०२४ मध्ये जन्म ते तीन वर्षे या वयासाठी 'नवचेतना' नावाचा आराखडा प्रसिद्ध केला. त्याचाही भर घरातील माणसांनी मुलाशी खेळण्या-बोलण्यावरच आहे.

घरातील दहा खेळ

पुढील सर्व खेळ आम्ही बालवाडीत, वस्तीतील घरांत आणि आता आमच्या सव्वादोन वर्षांच्या नातीबरोबर खेळून पाहिलेले आहेत. कोणत्याही खेळाला पाच रुपयांपेक्षा अधिक खर्च नाही.

१) भरा आणि ओता. एक रिकामा डबा, दोन-तीन वाट्या, मोठे चमचे आणि निरनिराळी झाकणे मुलापुढे ठेवा. वर्षाचे मूल वस्तू टाकील, काढील, पुन्हा टाकील. दीड-दोन वर्षांचे मूल कोणते झाकण कोणत्या डब्याला बसते ते शोधू लागेल. लहान-मोठे, आत-बाहेर, रिकामे-भरलेले या कल्पना इथेच रुजतात. पुढचे गणित याच पायावर उभे राहते.

२) तांब्याभर पाणी. आपल्या शहरात नळाला रोज पाणी यावे, हे सुख आम्ही अनेक वर्षे पाहिले नाही. पाणी जपून वापरण्याची सवय आपल्या हाडात आहे. म्हणून परातीत तांब्याभरच पाणी घ्या. एक छोटा पेला, चहाची गाळणी आणि सुती फडके द्या. मूल ओतील, गाळील, फडके भिजवून पिळील. पिळण्याने मनगट आणि बोटे बळकट होतात. खेळ संपला की तेच पाणी कुंडीला घाला आणि ते घालण्याचे कामही मुलालाच द्या.

३) कणकेचा गोळा. पोळ्या लाटताना लिंबाएवढा गोळा मुलाला द्या. दाबणे, थापणे, लांब वळी करणे, तुकडे करणे हे त्याला आपोआप सुचते. आमची आई बांधकामावर जाताना झाडाला झोळी बांधून त्यात आम्हाला ठेवीत असे आणि भाकरीच्या वेळी पिठाचा गोळा हातात देत असे. तिला कुणी बालमानसशास्त्र शिकविले नव्हते. चांगल्या गोष्टी आपल्या घरात होत्याच. मध्यंतरी त्या आपण गरिबीची खूण समजून टाकून दिल्या.

४) चिंध्यांची ओढगाडी. जुन्या साडीच्या, ओढणीच्या रंगीत पट्ट्या एकमेकींना गाठी मारून एका डब्यात कोंबा आणि एक टोक बाहेर ठेवा. मूल ओढू लागले की रंगामागून रंग बाहेर येतो आणि त्याचा आनंद पाहण्यासारखा असतो. रंगांची नावे सांगा, परंतु विचारून परीक्षा घेऊ नका. खेळ संपल्यावर ही पट्टी उचलून ठेवावी, कारण लांब कापड मुलाच्या गळ्याभोवती गुंडाळले जाऊ शकते.

५) झाकले कुठे? मुलाच्या देखत वाटीखाली चमचा झाका आणि शोधायला सांगा. जमू लागले की दोन वाट्या घ्या. पुढे घरातील एखादी वस्तू उशीखाली ठेवून ती शोधायला लावा. डोळ्याआड झालेली वस्तू नाहीशी होत नाही, हा विश्वास मुलाला यातून मिळतो. कामावर गेलेली आई संध्याकाळी परत येते, हेही त्याच विश्वासाचे मोठे रूप आहे.

६) खोक्याची बस. किराणा दुकानातून पुठ्ठ्याचा मोठा खोका आणा. पिना काढून टाका. त्यात मूल बसले की ती बस होते, आडवा केला की घर होते, डोक्यावर घेतला की कासव होते. आमच्या नातीची बस रोज मुकुंदवाडीहून सुटते आणि सिद्धार्थ उद्यानापाशी थांबते. तिकीट आजोबांनी काढावयाचे असते. महागाची खेळण्यातील बस नेहमी बसच राहते. खोका मात्र मुलाच्या मनाप्रमाणे बदलतो.

७) आवाज ओळखा. डबा, ताट, लाकडी पेटी, उशी यांवर लाटण्याने वाजवून पाहू द्या. कोणता आवाज मोठा, कोणता हलका? मग मुलाच्या पाठीमागे कुकरचे झाकण, किल्ल्या किंवा कागद वाजवा आणि ओळखायला सांगा. बाहेरून येणारी भाजीवाल्याची हाळी, रिक्षाचा भोंगा, पारव्याचे घुमणे यांकडे लक्ष वेधा. कान तयार झाला तर बोली स्पष्ट होते.

८) पाण्याच्या रेघोट्या. रंगाचा जुना ब्रश किंवा फडक्याची चिंधी पाण्यात बुडवून ओट्यावर, फरशीवर, भिंतीच्या खालच्या भागावर रेघा ओढू द्या. मराठवाड्याच्या उन्हात रेघ काढता काढता वाळून जाते आणि पाटी पुन्हा कोरी होते. मुलाला याचे फार नवल वाटते. पुढे खडू आणि पाटी द्या. रेघ वाकडी आली तरी हात धरून सरळ करू नका. आमच्या मुलाची बोटे आम्ही अशीच धरली होती.

९) कांदे-बटाट्यांच्या जोड्या. बाजाराची पिशवी आली की कांदे एका टोपलीत, बटाटे दुसऱ्या टोपलीत टाकण्याचे काम मुलाला द्या. वाळलेल्या कपड्यांतून बाबांचे मोजे, ताईचे मोजे शोधू द्या. निवडणे आणि जोडी लावणे हा विचारशक्तीचा पहिला व्यायाम आहे. शिवाय घरकामात आपलाही हात लागतो, याचा अभिमान मुलाला वाटतो. हे काम मुलींनाच द्यावयाचे, अशी प्रथा मात्र पाडू नये. भातुकलीतही मुलाने भाकरी थापावी आणि मुलीने गाडी दुरुस्त करावी.

१०) घरचे चित्रपुस्तक. जुन्या दिनदर्शिकेतील, साबणाच्या वेष्टनावरील, वर्तमानपत्रातील चित्रे जाड कागदावर चिकटवून दोऱ्याने शिवा. एखाद-दुसरा फोटो घरच्या माणसांचाही घाला. मुलाला मांडीवर घेऊन पाने उलटा. "ही गाय. गाय काय करते? आपण कुठे पाहिली होती?" असे बोला आणि मुलाच्या उत्तराची वाट पाहा. बडबडगीत म्हणा, आपडी-थापडी खेळा. गळा गोड नसला तरी चालतो. आपल्या माणसाचा आवाज मुलाला गोडच लागतो.

याशिवाय धावणे, चढणे, उड्या मारणे हवेच. उशांचा डोंगर करा, फरशीवर खडूने रेघ ओढून तिच्यावरून चालायला लावा, मोज्याचा चेंडू करून टोपलीत टाकायला द्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे, की एक ते चार वर्षांच्या मुलाची दिवसभरात मिळून किमान तीन तास हालचाल झाली पाहिजे. दहा बाय दहाच्या खोलीतही ती होऊ शकते. फक्त संध्याकाळी थोडा वेळ गल्लीत, मैदानात नेण्याची तसदी घ्यावी.

मोठ्यांनी काय करावे?

प्रथम, मुलाच्या उंचीवर बसावे. खुर्चीवरून सूचना देण्याने खेळ होत नाही. दुसरे, खेळ मुलाला ठरवू द्यावा. बशी ही बशीच आहे, टोपी नाही, असे सांगण्याची घाई करू नये. तिसरे, एका वेळी तीन-चारच वस्तू काढाव्यात. ढीग पुढे टाकला की मूल गोंधळते. बाकीच्या वस्तू झाकून ठेवून आठवड्याने काढल्या तर त्या नव्यासारख्या वाटतात. चौथे, शेजारच्या मुलाशी तुलना करू नये. पाचवे, पसारा आवरणे हाही खेळच करावा. "सगळे चमचे झोपायला गेले" असे म्हटले, की मूल आनंदाने चमचे डब्यात टाकते.

"आम्हाला वेळ कुठे आहे?" हा प्रश्न खरा आहे. वाळूज, चिकलठाण्याच्या कारखान्यांत पाळीची नोकरी करणारे वडील आणि चार घरची कामे करणारी आई यांना तासन्तास खेळणे शक्य नाही. तशी आवश्यकताही नाही. कणीक मळताना, कपडे घडी करताना, आंघोळ घालताना मुलाशी बोलत राहावे. आणि दिवसातून एकदा, दहा-पंधरा मिनिटे का होईना, फक्त मुलासाठी बसावे. त्या वेळी हातात दुसरे काही नको. हे वडिलांनीही करावे. मूल वाढविणे हे बायकांचे काम, असे म्हणून बाजूला होणाऱ्या बापाचे नुकसान मुलापेक्षा अधिक होते.

जपावयाच्या गोष्टी

या वयाचे मूल प्रत्येक वस्तू तोंडात घालते. म्हणून जी वस्तू त्याच्या तोंडात पूर्ण मावते ती खेळायला देऊ नये. शेंगदाणे, हरभरे, चिंचोके, मणी, गोट्या, बटणे आणि फुटलेल्या फुग्याचे तुकडे घशात अडकून जीव जाऊ शकतो. रिमोट आणि घड्याळातील चपटे गोल सेल फार घातक असतात. गिळल्याचा संशय जरी आला तरी तत्काळ रुग्णालय गाठावे. प्लास्टिकच्या पिशव्या दूर ठेवाव्यात.

पाण्याबाबत विशेष सांगावयाचे आहे. आपल्याकडे पाणी साठवून ठेवावे लागते. घरोघरी बादल्या, ड्रम, हौद भरलेले असतात. बादलीच्या तळाशी चार बोटे पाणी असले तरी त्यात डोके खाली गेलेले लहान मूल बुडू शकते. ड्रमला आणि हौदाला घट्ट झाकण असावे, बादल्या न्हाणीघरात ठेवून दाराला वरची कडी लावावी, आणि पाण्याचा खेळ चालू असताना मुलाजवळून क्षणभरही उठू नये.

मोबाईलविषयी दोन शब्द

मूल रडते, जेवत नाही, काम करू देत नाही, म्हणून आपण त्याच्या हातात मोबाईल देतो. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला स्पष्ट आहे. वर्षाच्या मुलाला पडदा दाखवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसात एक तासापेक्षा अधिक नको, त्याहूनही कमी असेल तर उत्तम. मोबाईल बोलतो, पण मुलाच्या उत्तरासाठी थांबत नाही. भाषा मात्र उत्तर देता-घेताच येते.

आमच्या वस्तीतील एका घरी अडीच वर्षांचा मुलगा चारच शब्द बोलत असे. दिवसभर मोबाईल त्याच्या हातात असे. त्याच्या आईने धीर करून आमच्याकडे विषय काढला. आम्ही तिला प्रथम डॉक्टरांकडे पाठविले, कारण ऐकू कमी येणे किंवा अन्य कारणही असू शकते. कान उत्तम असल्याचे कळल्यावर तिने मोबाईल बंद केला. पहिला आठवडा फार कठीण गेला. मूल आदळआपट करी. घरची माणसे तिलाच बोल लावीत. तिने कणकेचा गोळा, खोका आणि चित्रपुस्तक सोडले नाही. दोन महिन्यांनी तो मुलगा दारात उभा राहून "आज्जी, बस आली" म्हणाला. ती माउली ओट्यावर बसून रडली. प्रत्येक घरी असेच होईल, असा आमचा दावा नाही. म्हणून वेळ दवडू नये. दीड वर्षापर्यंत मूल एकही शब्द बोलत नसेल, दोन वर्षांनंतरही दोन शब्द जोडत नसेल, हाक मारली असता पाहत नसेल किंवा येत असलेले विसरू लागले असेल, तर अंगणवाडीताईंना सांगून डॉक्टरांना दाखवावे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशा मुलांची तपासणी मोफत होते. यात लाज बाळगण्याचे काहीही कारण नाही.

शेवटी इतकेच

आमचा तो मुलगा आज पस्तीशीच्या पुढे आहे, कारखान्यात पाळीची नोकरी करतो. त्याची मुलगी दोन वर्षांची झाली तेव्हा एका रविवारी आम्ही सवयीने पाटी बाहेर काढली. त्याने ती आमच्या हातून घेतली, उतरती केली, एका टोकाला उशी लावली आणि मुलीला म्हणाला, "चल, घसरगुंडी करू." मग त्या पाटीवरून कांदा घसरला, चमचा घसरला, मोज्याचा चेंडू घसरला. बाप-लेक दोघेही जमिनीवर लोळून हसत होते. आम्ही दोघे दारात उभे राहून पाहत होतो. आमच्या लेकाला पाटीपाशी हसताना आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

आपल्या मुलांनी शिकावे, मोठे व्हावे, ही आपली आकांक्षा योग्यच आहे आणि ती आपण कधीही सोडू नये. परंतु पाया भरण्याआधी माळा चढविला तर इमारत टिकत नाही. पहिली तीन वर्षे मुलांना मनसोक्त खेळू द्या आणि त्यांच्याबरोबर आपणही खेळा. अक्षरे पुढे आपल्या पायांनी चालत येतील. या लेखातील एखादा तरी खेळ आज संध्याकाळी आपल्या घरी सुरू झाला, तर आमचे लिहिणे सार्थकी लागले असे आम्ही समजू.